खिंडीच्या तोंडाशी पाच रविवार

राणीसावरगावच्या पलीकडं काळी रानं संपतात आणि बालाघाटाचा मुरमाड चढ सुरू होतो. तिथल्या एका गावात ढोरांचा दवाखाना आहे. शिवकन्या तिथं पशुधन पर्यवेक्षक. वय चौतीस. खुर्चीत ती रजिस्टर भरण्यापुरती टेकायची आणि तेवढ्यातही टेबलाखाली तिची टाच फरशीवर आपटत राहायची. शिपाई बन्सीधर एकदा न राहवून म्हणाला होता, "मॅडम, तुमाला बसायचा पगार दिला असता सरकारनं, तर उपाशीच मेल्या असत्या तुमी."

तिचा बाप मुंजाजी मेंढपाळ. गुडघा धरेपर्यंत वर्षातले आठ महिने मेंढरांमागं चालणारा. दहा वर्षांची होईपर्यंत शिवकन्याही त्याच्या मागं चालली. मग तिच्या आईनं, बानूबाईनं, हट्ट धरला आणि पोरीला गंगाखेडच्या वसतिगृहात घातलं. पहिल्या महिन्यात ती तिथून दोनदा पळाली. पुढं शिकली, डिप्लोमा केला, नोकरीला लागली, पण पायाची भिंगरी काही सुटली नाही. एकदा लग्न ठरत आलं होतं. पोराकडचे म्हणाले, "नोकरी राहू द्या, पण ही मोटारसायकल बंद करावी लागंल." शिवकन्या म्हणाली, "मग राहूच द्या." बानूबाई चार दिवस तिच्याशी बोलली नाही. मुंजाजी मात्र गोठ्याकडं तोंड करून हसत होता.

मोटारसायकल तिनं हौसेनं घेतली नव्हती. शेळ्यामेंढ्यांना लस टोचायला वाड्यावस्त्यांवर जावं लागे आणि स्कूटी मुरमावर घसरे. म्हणून जुनी मोटारसायकल घेतली. पहिल्या महिन्यात गुडघे सोलून निघाले. दुसऱ्या महिन्यात तिला कळलं की लसीचा डबा रिकामा झाल्यावर लगेच माघारी फिरलंच पाहिजे असं काही नाही. एक वळण पुढं जाता येतं. मग आणखी एक. हा रस्ता त्या टेकाडामागं कुठं उतरतो, हे बघितल्याशिवाय तिला जेवण गोड लागेना. बघितलेलं सगळं ती लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर काढून ठेवी: कुठं झरा, कुठं सुटा मुरूम, कुठं चढ सुरू होण्याआधीच पहिला गिअर टाकायचा.

या पानांचा रस्ता झाला तो सिद्धोधनमुळं. परभणीत पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्याचं दुकान. गंगाखेडच्या पेट्रोल पंपावर त्यानं सहज विचारलं, "ताई, या डोंगरात गाडी फिरवायसारखं काही हाय का?" त्यावर शिवकन्या इतकी बोलली, की मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. आठवड्यानं तो तीन मित्रांना घेऊन आला. ही सगळी सपाटीवरची माणसं. परभणीत उड्डाणपुलाएवढाच काय तो चढ. डोंगरात शिरल्यावर वयाची चाळिशी गाठलेले हे बाप्ये शाळा सुटल्यासारखे ओरडले.

मग फोनवर 'चढउतार' नावाचा ग्रुप झाला. आधी नऊ जण, मग साठ, मग दोनशे. दिवाळीत देवगाव फाट्यावर जमून जालन्यावरनं थेट सह्याद्रीतले घाट गाठायचे, ही आखणी शिवकन्येचीच. कोणत्या घाटात सकाळी धुकं असतं, कुठं फोनला रेंज नाही, कुठल्या वळणावर पुढच्याचा मागचा दिवा दिसेनासा झाला की थांबायचं, सगळं ती आधीच लिहून पाठवी. घाटमाथ्यावर पोचून बाकीचे फोटो काढत असायचे आणि ही पुढच्या डोंगराकडं बोट दाखवून विचारायची, "त्याच्यामागं काय असंल?"

"आधी ह्याच्यावर तर बस की घडीभर!" सिद्धोधन वैतागायचा.

एका ऑक्टोबरमध्ये तिनं वाघजाळीच्या खिंडीचा व्हिडिओ टाकला. ही खिंड तिच्या गावापासून पंधरा किलोमीटरवर. दोन्ही बाजूंनी सीताफळीचं रान, मधून एका वेळी एकच गाडी जाईल एवढी वाट, डाव्या हाताला घळ, आणि वर पोचलं की खाली पिकल्या गवताचा पिवळाजर्द पट्टा. लहानपणी ती मेंढरांबरोबर इथनंच चढली होती. व्हिडिओ साडेतीन मिनिटांचा. खाली तिनं सगळा रस्ता नेहमीसारखा नीट लिहिला. दोन दिवसांत तो लातूर, नांदेड, पार सोलापूरपर्यंत फिरला. अनोळखी लोकांचे निरोप यायला लागले. बन्सीधरलाही तिनं दोनदा दाखवला. त्या आठवड्यात तिची टाच जमिनीवर जरा कमीच आपटली म्हणायची.

पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊला फोन आला. वाघजाळीजवळच्या वस्तीवरचा माणूस होता. "मॅडम, लवकर या. मेंढरं घळीत पडली. लय बेकार हालत हाय."

तिनं पिशवीत पट्ट्या, कापूस, इंजेक्शनं कोंबली आणि निघाली. खिंडीच्या अलीकडं तिला समोरून गाड्या येताना दिसल्या. पाच, दहा, वीस. मोठमोठ्या गाड्या, फाटक्या आवाजाचे सायलेन्सर. एकानं तिच्याकडं बघून अंगठा वर केला. तिनंही सवयीनं हात केला. नंतर कितीतरी दिवस तिला त्या वर केलेल्या हाताची लाज वाटत होती.

घळीत अकरा मेंढरं पडली होती. सात जागीच मेली होती. गाड्यांचा आवाज खिंडीत घुमला आणि वरून उतरणारा कळप बिथरला. मेंढराचं एक असतं: पहिल्यानं उडी टाकली की मागची विचारत नाहीत. काठावर दगडाला टेकून म्हातारी धुरपताबाई बसली होती. मुंजाजीची चुलत बहीण, शिवकन्येची आत्या. याच खिंडीत तिनं शिवकन्येला बोट धरून चढवलं होतं. तिच्या मांडीवर एका मेंढीचं डोकं होतं. मेंढी जिवंत होती, पण पुढचा पाय भलतीकडं वळला होता.

"आलीस का माय," धुरपताबाई म्हणाली. "आधी हिला बघ. गाभण हाय."

शिवकन्या कामाला लागली. बांबूच्या कामट्या, कापूस, पट्टी. जिवंत चौघींपैकी तिघींचे पाय बांधले. चौथीची कंबर मोडली होती. तिच्याजवळ ती नुसती बसून राहिली, ती जाईपर्यंत. मग पंचनाम्याचा कागद काढला. 'घटनेचे कारण' या रकान्यापाशी तिचा पेन थांबला.

"काय लिवायलीस?" आत्यानं विचारलं.

"गाड्या कशा आल्या, ते."

"कशा म्हंजे? आल्या. आजवर इथं दुधवाल्याची सोडून एक गाडी दिसली न्हाई, अन् आज चाळीस आल्या. कुनीतरी मोबाईलमदी वाट घातली म्हनं, वस्तीवरलं पोरगं सांगत होतं."

शिवकन्येनं पेनाला टोपण लावलं. गप्प राहिली असती तर कुणाला कळणार नव्हतं. आत्याला वाचताही येत नव्हतं. ती उठली, गाडीपर्यंत गेली, परत आली.

"आत्या, मीच घातली ती वाट."

धुरपताबाईनं तिच्याकडं पाहिलं. मेंढीच्या कानातलं कुसळ काढलं, ते दूर टाकलं.

"तुला कुनी सांगितली हुती ती?"

"तुमीच."

"मंग मी काय सांगितलं हुतं? नुसती वाट?"

शिवकन्येला आठवेना.

"मी सांगितलं हुतं, सकाळच्या पारी अकरा वाजेस्तवर खिंडीत शिरायचं न्हाई. तवा वरची मेंढरं पाण्याला उतरत्यात. आपली खाली असली तर खालीच थांबवायची." ती खोकली. "तू वाट सांगितलीस, येळ न्हाई सांगितलीस. मानसाला वाट माहीत झाली की त्याला वाटतं समदंच माहीत झालं."

रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर शिवकन्येला बरं वाटलं असतं. पण आत्यानं पुढं एवढंच विचारलं, "आता पुढच्या आयतवारी किती येनार हायेत?"

घरी जाऊन तिनं व्हिडिओ काढून टाकला. पण तो आता तिच्या हातात राहिलाच नव्हता. दहा लोकांनी आपापल्या नावानं परत टाकला होता. ग्रुपवर तिनं घडलं ते सगळं लिहिलं. काहींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकानं लिहिलं, 'रस्ता सगळ्यांचा आहे ताई.' सिद्धोधननं फोन केला, म्हणाला, "आमी चौघं मिळून आत्याला मेंढ्या घेऊन देतो." आणि खरंच महिन्याच्या आत चार मेंढ्या पोचवल्याही. पण चार मेंढ्यांनी रविवार थांबणार नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी सातला शिवकन्या खिंडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. वाटेत आपलीच मोटारसायकल आडवी लावली. साडेसातला पहिल्या सहा गाड्या आल्या.

"अकरापर्यंत थांबा. वरून मेंढरं उतरायलीत," ती म्हणाली.

"आम्ही दीडशे किलोमीटर आलोय."

"मग अजून साडेतीन तास काय जड हाय?"

तिघं बडबडत माघारी गेले, तिघं थांबले. आठ वाजता एक टोळकं आलं. त्यांच्यातला एकजण बुलेटवरून उतरून म्हणाला, "तुम्ही कोण? हा काय तुमच्या बापाचा रस्ता आहे का?"

"व्हय," शिवकन्या म्हणाली. "माझ्या बापाचाच हाय. तीस वरसं चाललाय तो ह्याच्यावरनं."

बुलेटवाला हसला, पण थांबला. नऊ वाजता वरून कळप आला. घंटा, धूळ, लोकरीचा वास. गाड्या बंद होत्या. मेंढरं त्यांच्यामधून पाण्यासारखी निघून गेली. मागून धुरपताबाई काठी टेकत आली. हेल्मेट घातलेल्या त्या सगळ्यांकडं बघून म्हणाली, "बसा की रे खाली. उन्हाची उभी कशाला ऱ्हायलेत?" आणि सगळे बसले.

पण शिवकन्येला बसता येईना. चार तास एका जागी! तिला आयुष्यात इतकं जड काही गेलं नव्हतं. ती येरझारा घालत राही, क्लच दाबून सोडी, सीताफळं मोजी. दुसऱ्या रविवारी तिला वाटलं, आपल्याला वेड लागेल. समोर वाट, हाताखाली गाडी, टाकीत पेट्रोल, आणि आपण नाक्यावरच्या शिपायासारखं उभं. एकदा दहा वाजता कुणीच आलं नाही, तेव्हा तिनं किल्ली फिरवली, गाडी सुरू केली, शंभर पावलं वर गेली. मग वरून घंटेचा आवाज आला आणि ती मुकाट खाली येऊन उभी राहिली.

तिसऱ्या रविवारी मुंजाजी म्हणाला, "मी येतो सोबतीला." येऊन पंधरा मिनिटं बसला. मग गुडघा चोळत उठला, म्हणाला, "जरा वर बघून येतो," आणि थेट माथ्यावर जाऊन कळपाबरोबरच खाली आला. घरी बानूबाई दोघांवरही उखडली, "एकीला बसवत न्हाई, दुसऱ्याला उठू नको म्हनलंय डॉक्टरनं. दोघं मिळून माझा जीव हैराण करायलेत."

चौथ्या रविवारी सिद्धोधन परभणीहून पत्र्याचा फलक रंगवून घेऊन आला. 'सकाळी अकरापर्यंत खिंड मेंढरांची. नंतर तुमची. सायलेन्सरचा आवाज नको.' तो बाभळीला बांधताना एक तार त्याच्या बोटात घुसली आणि त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला राणीसावरगावला जावं लागलं. शिवकन्येकडं होतं ते फक्त ढोरांचं. पाचव्या रविवारी बावीस गाड्या आल्या. बावीसच्या बावीस फलकापाशी आपणहून थांबल्या. त्यातल्या एकीवर तो बुलेटवाला होता. नव्यानं आलेल्या पोरांना तोच मोठ्या आवाजात नियम सांगत होता, जणू खिंड त्याच्या आजीची.

डिसेंबर लागला. गवत संपलं, कळप खाली गोदाकाठच्या रानांकडं गेले. धुरपताबाई जाताना दवाखान्यावरून गेली. कामट्या बांधलेल्या त्या गाभण मेंढीला दोन कोकरं झाली होती. शिवकन्येनं कोकरं तपासली, मेंढीचा पाय दाबून पाहिला. थोडी लंगडत होती.

"चालंल," आत्या म्हणाली. "माझ्यावानी."

'चढउतार'वर शिवकन्या रस्ते अजून टाकते. पण आता आधी त्या डोंगरातल्या माणसाला गाठते: गुराखी, मध काढणारा, शाळेत चालत जाणारा मास्तर. आणि त्यांनी 'नको' म्हटलं, तर तो रस्ता रजिस्टरच्या पानावरच राहतो. अशी सात पानं झाली आहेत. ती पानं उघडली की तिची टाच पुन्हा आपटायला लागते.

जानेवारीतल्या एका दुपारी मुंजाजी अंगणात येऊन उभा राहिला. डोक्याला फेटा, हातात काठी. "मला वर घेऊन चल."

"हेल्मेट घालावं लागंल."

"आन."

फेटा सोडून त्यानं हेल्मेट चढवलं. काठी आडवी धरली. रिकाम्या खिंडीतून ती त्याला घेऊन हळूहळू चढली. माथ्यावर गाडी थांबवली. खाली वाळलेलं रान, पलीकडं निळसर टेकड्यांची एकामागं एक रांग. मुंजाजी उतरला नाही. मागूनच म्हणाला, "त्या तिसऱ्या टेकडीपल्याड आमचा मुक्काम ऱ्हायचा. तू झाली नव्हतीस तवा."

"जायचं?"

"गुडघा दुखायलाय."

"मग माघारी?"

त्यानं हेल्मेटची काच वर केली. तिच्या खिशात फोन वाजला. बानूबाई होती. "कुठं हायेत दोघं? चहा ठिवलाय."

शिवकन्येनं मागं वळून बापाकडं पाहिलं. हेल्मेटमधून त्याचे फक्त डोळे दिसत होते आणि ते तिसऱ्या टेकडीवर होते.

"झाकून ठिव," ती फोनमध्ये म्हणाली आणि पहिला गिअर टाकला.