व्याह्याच्या नाकावरचा ठोसा

डोंगरकड्याचे तातेराव गिरणीवाले म्हणजे अगदी गरीब गाय. दळणाच्या रांगेत बायका भांडायला लागल्या की हे गिरणी बंद करून बाहेर जाऊन उभे राहायचे. पन्नाशी आली तरी त्यांनी कुणावर हात उचलला नव्हता, आणि त्याचं कुणाला कौतुकही नव्हतं. एका बाजारच्या दिवशी कुठल्याशा टारगट पोरानं त्यांना मोटारसायकलचा धक्का दिला आणि वर त्यांचीच गचांडी धरून कानाखाली लावली. तातेरावांनी भर बाजारात हात जोडले. लोक हसले. हसायला आमच्या गावाला फार कारण लागत नाही.

ती लाज त्यांच्या मनातून जाईना. फौजेत बॉक्सिंग खेळलेला बाबूसिंग निवृत्त होऊन गावात आला होता. तातेरावांनी त्याला गाठलं. त्यांची मूठ बघून बाबूसिंगनं कपाळावर हात मारला.

"अंगठा आत काहून कोंबता, काका? ठोसा मारला की तुमचाच अंगठा मोडंल. बाहीर ठेवा. मनगट सरळ, हनुवटी खाली. ताकद हातात न्हाई, मागच्या पायात असती. अन् एक लावून पळायचं, तिथं उभं न्हाई राहायचं."

तातेराव कोंड्याच्या पोत्यावर ठोसे मारू लागले. "त्या पोत्यानं काय घोडं मारलं तुमचं?" असं त्यांची बायको शालूबाई विचारायची. शेवटी शेवटी बाबूसिंग मागून येऊन त्यांना दोन्ही हातांनी आवळायचा आणि हे हिसडा देऊन, वळून मारायचे. "इचार करून राहिले तं मार खासाल," हे त्याचं पालुपद. तातेरावांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

पुढे त्यांची लेक प्रियदर्शनी हिचं लग्न शिरड शहापूरच्या माणिकरावांच्या मुलाशी ठरलं. माणिकराव गळ्यात तुळशीची माळ घालणारे, सुपारीसुद्धा न खाणारे, पण भारी थट्टेखोर. लग्नाच्या दिवशी तातेराव मांडवामागे आचाऱ्याशी बोलत उभे होते. तिथं माणिकराव चोरपावलांनी आले आणि त्यांनी व्याह्यांना मागून कडकडून मिठी मारली.

तातेराव वळले. ठोसा अगदी बाबूसिंगनं शिकवला तसा बसला. माणिकराव नाक धरून मटकन खाली बसले आणि त्यांचं नवं उपरणं रक्तानं भरलं. तातेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आचारी चुलीकडे बघत राहिला. माणसं धावत आली, तर माणिकरावच म्हणाले, "मांडवाच्या दोरीत पाय अडकला अन् पडलो. जा, पंगती बसवा."

मुलीच्या बापाची अब्रू त्या भल्या माणसानं झाकली. लोकांची तोंडं मात्र त्याला झाकता आली नाहीत. "माळकरी म्हणं! सकाळीच घेतलेली दिसती," अशी कुजबुज पंगतभर फिरली. तातेराव जिलबी वाढत होते आणि ऐकत होते. खरं सांगितलं तर पोरीला सासरी तकलीफ होईल, असं ते स्वतःला बजावत राहिले. खरं म्हणजे पुन्हा चारचौघांत मान खाली घालायची त्यांच्यात हिंमत नव्हती. समोर सुजल्या नाकानं माणिकराव मुकाट्यानं जेवत होते, आणि त्यांच्या पानात वाढताना तातेरावांना वर बघवेना.

पाठवणीच्या वेळी प्रियदर्शनी बापाच्या गळ्यात पडली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, खरं सांगा. माझे सासरे दारू पितेत का? लोकं म्हणून राहिले. तुमी तं म्हणले व्हते, देवमाणूस हाय."

तिनं बापाला घट्ट धरून ठेवलं. आता तातेरावांना गप्प बसवेना.

"न्हाई गं बाई. ते पडले न्हाईत. म्या मारलं त्यायला. ह्याच हातानं."

प्रियदर्शनीनं मिठी सोडली. डोळे पुसून ती माणिकरावांकडे गेली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर तिनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

"मामा, माझ्या बापानं तुमच्यावर हात उचलला. त्यायच्या वतीनं म्या माफी मागते."

"ऊठ, लेकरा," एवढंच माणिकराव म्हणाले. ती उठली आणि गाडीत बसली. तातेराव हात जोडून खिडकीपाशी गेले. काच खाली होती, पण तिनं बापाकडे पाहिलं नाही.