नमुन्याचं पाणी

आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं याला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून उचलला, आणि नाव पडलं उकंडराव. पुढं नोकरीही लागली ती शहराच्या सांडपाणी प्रकल्पावर. लोक चेष्टा करत, "घाण काई तुले सोडत नाई बे!" हा हसायचा. काळंभोर पाणी आत येतं अन् नितळ होऊन बाहेर पडतं, याचं त्याला भारी कौतुक. घरी बायकोला सांगायचा, "कोकिळे, आपल्या विहिरीलेबी असं पानी नसन!"

हेच बोलणं अंगाशी आलं. उन्हाळ्यात विहीर आटली, नळाला आठवडा आठवडा पाणी येईना, म्हणून धुण्याभांड्यासाठी त्यानं तिथलं पाणी कॅन भरून घरी आणलं. लेक रेणुका मोताळ्याहून पहिल्या बाळंतपणाला आलेली. एक दिवस माठ कोरडा पडला, तेव्हा कोकिळानं नवऱ्याच्या शब्दावर तेच पाणी गाळून माठात ओतलं. पुढं रेणुकाला कावीळ झाली, अन् पोटातल्या बाळासकट पोरगी गेली.

कावीळ तशी गावातही होती. पण कोकिळाचं अन्न तुटलं. "म्याच पाजलं तिले," एवढंच म्हणे. अरे, कोणी कोणाची समजूत घालायची!

अशात वरून तपासणी लागली, प्रकल्प पाणी कितपत साफ करतो याची. एरवी कधी न दिसणारी ब्लीचिंग पावडर प्रकल्प चालवणाऱ्या ठेकेदारानं पोतं भरून धाडली. "सकाळीच टाक. जंतू मरतात, आपन पास!" उकंडरावनं पोतं उघडलंच नाही. त्याला पास व्हायचं नव्हतं. पोरीला काय पाजलं गेलं, ते त्याला कळायला हवं होतं.

नमुने गेले. तपासणीच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, पाणी दिसायला स्वच्छ, पण जंतू बेसुमार.

"मॅडम, पोटुशी बाईनं पेलं तं?"

"अहो, जिवावर बेतेल तिच्या!" बिचारीला काय ठाऊक.

ठेकेदारानं शिव्या घालून त्याला कामावरून काढलं. त्याचं उकंडरावला काहीच वाटलं नाही.

घरी कोकिळा उंबऱ्यातच बसलेली. "काय निंगालं वो तपासणीत?"

"पास झालं," तो म्हणाला. "पानी चांगलं होतं, कोकिळे. तुह्या हातून काई झालं नाई."

ती ढसाढसा रडली. मग उठून भाकरी टाकल्या, दोघांची ताटं वाढली, अन् कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. उकंडरावच्या घशाखाली मात्र घास उतरेना. डोळ्यांतलं पाणी ताटात पडायला लागलं, तशी कोकिळानं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"आता काऊन रडता वो? पास झालं नं!"