छप्पर, आकडी, जिलबी, कोयता

आधीच सांगते — भूत, करणी, भानामती, झपाटणं असलं काही म्हणजे काही मी मानत नाही. माझ्या माहेरी कुणीच मानत नव्हतं. आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. घरात अंगारा नाही, धागा नाही, देवरुषी तर दारातसुद्धा नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कूलात विज्ञान शिकवायचे आणि जयंतीला अंधश्रद्धेवर भाषण ठोकायचे. टाळ्याही पडायच्या.

तरी लिहितेय. कारण मागच्या आठवड्यात या ग्रुपवर कुणीतरी 'वडूजची झपाटलेली कॅसेट' म्हणून पोस्ट टाकलीय. 'माझ्या मित्राच्या काकांचा अनुभव' म्हणे! ते काका म्हणजे आमचे अण्णा. वाचून माझं डोकंच फिरलं. गावाचं नाव तेवढं बरोबर, बाकी निम्म्या थापा. अमावस्या घातलीय, टीव्हीतून बाईचं रडणं घातलंय... अहो, कसली अमावस्या! रविवार होता, भरदुपार होती, चुलीवर मटण शिजत होतं. आणि जिच्या जिवावर बेतलं होतं, तिचं त्या पोस्टमध्ये नावसुद्धा नाही. 'काकांची बहीण' — बास, एवढंच. तिचं नाव कौसल्या. आम्ही कौसाआत्या म्हणतो.

तर आता नीट ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नववीत होते. आईचा भाऊ, सुनीलमामा, जहाजावर नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्यानं टीव्ही गेम आणला आणि त्याच्यासोबत जपानमधल्या कुठल्याशा बंदरावर घेतलेली एक कॅसेट. वडूजमध्ये ज्यांच्याकडे गेम होते ते सगळे उड्या मारायचे नाहीतर गोळ्या झाडायचे. आमची कॅसेट लावली तर सगळं जपानी! चार जणांची टोळी गावोगाव हिंडते, वाटेत राक्षस आडवे येतात, मग लढाई. पण लढाई डावाची. आपला डाव आला की पडद्यावर चार शब्द येतात — मारायचं, मंत्र टाकायचा, औषध द्यायचं, पळायचं. त्यातला एक आपण निवडेपर्यंत समोरचा राक्षस ढिम्म हलत नाही. तुम्ही जेवून या, धुणं वाळत घालून या, तो आपला तसाच उभा. कुठला शब्द कशाचा, ते आम्ही चुकत, मार खात शोधून काढलं.

आम्ही म्हणजे मी आणि आत्या. ती तेव्हा सासरहून, कुंडलहून, निघून आमच्याकडे आली होती. शाळेची पायरी न चढलेली बाई. ती पहिल्यांदा खेळायला बसली तेव्हा मी शहाणपणानं म्हटलं, "आत्या, तुला वाचता येत नाही. तुला कसं जमणार?"

"आन् तुला जपानी येतंय व्हय गं?" ती म्हणाली. "हितं तू बी अंगठाबहाद्दर आन् मी बी. सरक तिकडं."

सरकले. काय करणार?

खेळाच्या सुरुवातीला आपल्या माणसांना नावं द्यायची असतात. एक पानभर जपानी अक्षरं येतात, त्यातली चार निवडायची. आत्यानं टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून ठेवून सांगितलं, "ही छप्पर घे. ही आकडी. ही जिलबी. आन् ह्यो कोयता." खरंच तशीच दिसत होती ती अक्षरं. मी दाबत गेले. कुऱ्हाडवाल्या गड्याच्या डोक्यावर तिची चार अक्षरं आली. ती किती तरी वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हे माजं नाव." तोवर ती कुठंही अंगठाच लावत आली होती. स्वतःचं नाव स्वतः निवडून लिहायची आणि वाचायची तिची ती पहिलीच वेळ.

प्रत्येक नावाखाली एक आकडा असायचा. तो म्हणजे जीव. आकडे तिला कळायचे, एसटीच्या पाट्यांवरून शिकलेली. मार बसला की 'ठक्' असा आवाज येऊन आकडा उतरायचा, औषध दिलं की चढायचा. शून्य झालं की माणूस मेला.

एकदा खेळता खेळता ती म्हणाली, "ह्यो राक्षस लय बरा हाय गं. माजा डाव यीस्तवर हात उचलत न्हाई."

मला फिस्सकन हसू आलं. आई दारात भाजी निवडत होती, ती हसली नाही.

'पळा'चा शब्द मात्र आत्या मला कधी दाबू द्यायची नाही. एक तर तो कधी लागू पडायचा, कधी नाही. आणि वर म्हणायची, "एकदा पळून आले तेवढं बास. आता उभं ऱ्हाऊन मारायचं."

मग तिचा नवरा आला. नात्यानं माझा मामा लागतो, पण मी त्याला मामा म्हणणार नाही. मेला ऊस वाहायच्या ट्रॅक्टरवर होता. सोबत त्याच्याकडची दोन मोठी माणसं. पुढच्या खोलीत बैठक बसली. चहा झाला, पोहे झाले. तो मान खाली घालून गरिबासारखा बसलेला. सगळे म्हणाले, झालं गेलं विसरा, पुन्हा असं होणार नाही. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळ्यांसमोर बोलली, "दादा, मला तितं नगं धाडू. त्यो मला मारून टाकंल." आणि पदर बाजूला करून तिनं दंडावरचे वळ दाखवले. काळे-निळे. मी बघितले, आईनं बघितले.

अण्णांनी पेपर उचलला. पेपर! आणि त्यात बघत म्हणाले, "कौसा, थोडं जमवून घ्यायला शिक. लोक काय म्हणतील? मी शिक्षक आहे गावात."

समतेवर भाषण करणारा माणूस हो हा! आई म्हणाली, "अहो, ती काय सांगतेय ते ऐका तरी." तर तिला म्हणाले, "तू आत जा." दुसऱ्या दिवशी आत्याला गाडीत बसवून दिलं. जाताना ती मला एवढंच म्हणाली, "माजा गडी मरू दिऊ नगंस."

हे सगळं त्या पोस्टमध्ये आहे? एक अक्षर नाही.

आता तो रविवार. मी खेळत होते. आत्याचा कुऱ्हाडवाला गडी माझ्या टोळीत होताच, छप्पर-आकडी-जिलबी-कोयता. समोर दोन राक्षस, माझा डाव. तेवढ्यात आईनं कोथिंबीर आणायला पिटाळलं. मी खेळायचा रिमोट, तो वायरवाला, खाली ठेवून गेले. काय बिघडणार होतं? खेळ थांबतोच.

आले तर आत्याचा आकडा उतरलेला. वाटलं, आपल्यालाच नीट आठवत नसेल. रिमोटला हात न लावता बघत बसले... आणि 'ठक्'. पडदा हलला. आकडा आणखी खाली. राक्षस जागचे हललेसुद्धा नव्हते. बाकी तिघांचे आकडे जसेच्या तसे. फक्त तिचा उतरला होता.

मी औषध दिलं. चढला. जरा वेळानं पुन्हा 'ठक्'.

मी ओरडले तशी आई धावत आली. तिनं जमिनीवर पडलेला रिमोट बघितला, मग आकडा बघितला. तिच्यासमोर दोनदा उतरला. मग अण्णा आले. "कॅसेट खराब झालीय," म्हणाले. मग म्हणाले, "व्होल्टेज कमी-जास्त होतंय." मग चिडून त्यांनी रिमोटची वायरच गेमच्या खोक्यातून उपटली. वायर त्यांच्या हातात, आणि पडद्यावर 'ठक्'.

विज्ञानाचे मास्तर खुर्चीत मटकन बसले.

आईनं चुलीतली लाकडं ओढली, पातेलं तसंच उतरवलं. "मी कुंडलला निघाले," म्हणाली. "तुम्ही येताय का नाही, ते तुमचं तुम्ही बघा." अण्णा उठले आणि चपला शोधायला लागले. आईनं वायर परत खोचली, रिमोट माझ्या हातात दिला. "तू इथून हलायचं नाहीस. तिला औषध देत राहा." दवाखान्यात पेशंटपाशी बसवावं तसं मला बसवून गेली.

मी एकटी. दाराला कडी. औषध द्यायचं, चढायचा. 'ठक्', उतरायचा. मेल्याला थांबायचं नावच नाही! मी त्याला मला येत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. राक्षसाला नव्हे, राक्षस बिचारे उभेच होते. लाईट जाईल याची धास्ती वेगळीच, कारण वडूजला लाईटीचा काय भरवसा? पंखा जरा मंद झाला की मी टीव्हीला आणखी चिकटून बसायचे.

औषधं संपली. मंत्रही संपले. आकडा उरला होता दोन-तीन फटक्यांपुरता. मारायचं म्हटलं तर मारायचं कुणाला? जो मारत होता तो पडद्यावर नव्हताच. उरला एकच शब्द. आत्या नको म्हणायची तो.

मी 'पळा' दाबलं.

जपानी ओळ आली. ती ओळ आम्हाला ओळखीची होती. जमलं नाही, असा तिचा अर्थ. आणि लगेच 'ठक्'. मी रडत, नाक पुसत पुन्हा दाबलं... पावलांचा आवाज आला, टुक्-टुक्-टुक्. राक्षस गेले. टोळी मोकळ्या माळावर उभी. तिचा आकडा एकेरी होता, पण होता. त्यानंतर तो हलला नाही.

दिवेलागणीला तिघं आले. आई-अण्णांना कुंडलपर्यंत जावंच लागलं नाही. विट्याला गाडी बदलायला उतरले, तर स्टँडवरच्या बाकावर आत्या बसलेली. अनवाणी. डोक्याला कुणाचा तरी टॉवेल बांधलेला, तो लाल झालेला. कंडक्टरनं तिकिटाचं न विचारता आणून सोडली होती.

आई तिच्या डोक्याला हळद दाबत होती तेव्हा ती थोडंसं बोलली. "दुपारधरनं मारत हुता. म्या मेलेच म्हणलं. पर मदीच अंगात बळ यायचं बग वैनी, कुटनं यायचं काय ठावं. मग परत हाणायचा." मग म्हणाली, "शेवटाला दारातनं पळाले तर येणी धरून वडली. दुसऱ्या बारीला निसटले."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. आईनंही नाही. अण्णांनीही नाही.

आत्या परत कधी गेली नाही. शिवणकाम शिकली, अंगणवाडीत मदतनीस झाली, सही करायला शिकली. अजून आहे, ठणठणीत आहे. आणि अण्णांना काय झालं? त्यांना गोष्ट मिळाली! आधी दबकत सांगायचे, मग रंगवून. 'कॅसेटनं माझ्या बहिणीचा जीव वाचवला.' ऐकणारे तोंडात बोट घालतात. ते पेपर उचलल्याचं कधीच सांगत नाहीत.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचा साखरपुडा ठरवायला पाहुणे वडूजला, अण्णांच्या घरी आले होते. अण्णांनी परत तीच टेप लावली. वायर हातात आणि आकडा उतरला इथपर्यंत आले, पाहुणे थक्क. आत्या कोपऱ्यात लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, खोक्यातला आकडा खाली आला, त्यो बराबर दिसला तुला. ह्याच घरात मी दंडावरचं वळ दाखवलं हुतं. ते न्हाई दिसलं."

अण्णा चष्मा पुसायला लागले. मी म्हटलं, आता तरी हा माणूस बहिणीला काही म्हणेल.

तेवढ्यात पाहुण्यांपैकी एक जण पुढे सरकून म्हणाले, "पण काय हो, ती कॅसेट आहे का अजून?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्हीही तेच विचारणार, माहितीय मला. आहे कॅसेट. माझ्या कपाटात आहे, आता चालत नाही, आणि फोटो टाकणार नाही. आकडा आपोआप कसा उतरला, मला खरंच माहीत नाही. सुनीलमामा म्हणतो कॅसेटच्या आतला सेल गेला असेल, कुणी म्हणतं योगायोग. असेल. मला त्याचं काही पडलेलं नाही.

पण एक बाई समोर उभी राहून, स्वतःच्या तोंडानं सांगत होती, तो मला मारून टाकेल. तिचं बैठकीतल्या कुणाला खरं वाटलं नाही. आणि टीव्हीतला आकडा उतरला, तर लगेच चपला शोधल्या. याचं स्पष्टीकरण मी अजून शोधतेय. अण्णांकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असलं तर सांगा.