ताईंचा फॉर्म मी भरला

"कल सबेरे उठे, फिर क्या किया? आराम से बताइए." प्रत्येक रुग्णाला ताईंचा हाच पहिला प्रश्न.

झाशीच्या एका दवाखान्यात ताई आणि मी शेजारी बसायचो. आजारानंतर माणसाला स्वतःचं काय काय करता येतं, मन कसं आहे, घरात कुणी त्याच्याशी बोलतं का, हे विचारून फॉर्म भरायचा, हे आमचं काम. मी नवी; भराभर खुणा करत जायचे. ताई नुसत्या ऐकत बसायच्या. असं ऐकणारं माणूस तुम्हीही एखादं पाहिलं असेल.

एकदा सीपरी बाजारातले एक शिंपी आले. उजव्या अंगावरून वारं गेलेलं. मुलगा म्हणाला, "पापा सब खुद कर लेते हैं, दीदी."

ताईंनी त्याला औषधं आणायला पाठवलं आणि स्वतःचा स्वेटर म्हाताऱ्यापुढे ठेवला. "बटन लगाइए, भैया."

बोटं तीनदा घसरली. मग ते रडायलाच लागले. लोकांत पायजम्याची नाडी सुटली तर बांधायची कशी, या धास्तीनं ते दोन महिने घराबाहेर पडले नव्हते.

"माणूस घरात का बसलाय, ते आधी लिही," ताई मला म्हणाल्या.

ताई झाशीतच, लक्ष्मी गेटला एकट्या राहायच्या. निवृत्तीनंतर त्यांना कंपवात झाला. नागपूरची भाची त्यांना आमच्याकडे घेऊन आली. फॉर्म माझ्यापुढे.

"सगळं करते गं मी. चाय, आंघोळ, पूजा." मनगटावर पोळल्याचा ताजा डाग होता. मी तो पाहिला, हे त्यांनीही पाहिलं.

भाची बाहेर गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "एकटी राहू शकते, एवढं लिही ना. इथं गल्लीत सगळे ओळखतात मला. नागपुरात मी कोण?"

मी पेन उचललं. शेवटी खरं तेच लिहिलं: एकटं राहणं धोक्याचं. कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी सावकाश वाचला.

"मीही हेच लिहिलं असतं," त्या म्हणाल्या आणि दाराकडे बघत राहिल्या.

नागपूरला त्या चारच महिने जगल्या. मी चूक केली असं कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही. पण झाशीच्या स्टेशनवरचा तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. ताई खिडकीशी बसल्या होत्या. गाडी निघाली तेव्हा भाचीनं त्यांचा हात धरून माझ्याकडे हलवला, लहान मुलाचा हलवतात तसा.