वर्षाच्या कपाळात भरलेला रंग

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुमची-माझी ओळख ना पाळख — म्हणून तर तोंड उघडतेय.

आधी वर्षाचं सांगू द्या. वर्षा माझी नणंद, एसटीत कंडक्टर. कपाळावर, ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग. पण तोंडाला ना ओढणी, ना पावडर. गच्च भरलेल्या गाडीत घुसते आणि ओरडते, "सरका की ओ पुढं, गाडी काय एकट्याची हाय का?" कुणी टक लावून बघत बसलं तर म्हणते, "बघून झालं आसंल तर तिकीट घ्या." अख्खी गाडी हसते, बघणारासुद्धा. लई जिगरीची पोरगी! मला तिचा एवढा अभिमान आहे — आणि तोच मला सुखानं मिरवता येत नाही. का? सांगते.

तेव्हा तिच्या कपाळावर एकच डाग होता, टिकलीएवढा. माजलगावात माझं पार्लर नवंकोरं. मशीनच्या सुईनं कातडीत रंग भरायचं मी नुकतंच शिकून आले होते, हात नुसते शिवशिवत होते. त्यात तिला बघायला पाहुणे यायचे होते. "वैनी, एवढा झाकता का?" म्हणाली.

बीडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच तिला नेलं. ती खाली मेडिकलवर गोळ्या घ्यायला गेली, तेवढ्यात डागात सुईनं रंग भरू का, ते मी विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, अजिबात नको. हिचं शरीरच हिच्या कातडीचा रंग खातंय, आजार अजून वाढतोय. अशात सुई लावली तर जिथं लागेल तिथं नवं पांढरं उठेल. डाग बरेच महिने वाढला नाही, तर मग बघू.

कान माझेच होते ना? नीट ऐकलं होतं मी. जिना उतरले आणि वर्षाला म्हणाले — "डॉक्टर म्हणल्या, चालतंय."

दुसऱ्याच दिवशी कपाळ रंगवलं. हौसेनं ओठांची कडही रंगवली, जिथं डाग नव्हताच. काय विश्वासानं डोळे मिटून पडली होती ती!

जिथं जिथं माझी सुई फिरली, तिथं तिथं पांढरं उठलं. पाहुणे आले, चहा पिऊन गेले ते गेलेच. वर्षा पोटभर रडली. मग तोंड धुऊन एसटीच्या भरतीला गेली. एका शब्दानं मला बोलली नाही — बोलेल कशी? डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या होत्या, हे तिला ठाऊकच नाही. आजही गाडीत बायकांना सांगते, "अंगात असला आजार आसंल तर आमच्या वैनीकडं जा, डॉक्टरला इचारल्याबिगर सुई लावत न्हाई." आता खरंच लावत नाही मी. आता!

पण एवढ्यावर भागलं असतं तर बरं. घरात खल सुरू झाला, कोड वाढलं कशानं? कुणीतरी म्हणालं, मासळीवर दूध प्यायल्यानं. सासूबाई चरकल्या. मासळी त्यांनीच रांधली होती, दुधाचा पेलाही त्यांनीच हातात दिला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी जाणती. खाण्यानं कोड होत नाही, हे मला माहीत होतं. आणि मी म्हणाले — "आसंल. त्यानंच आसंल."

परवा वर्षा धरणावरची मासळी घेऊन आली. सासूबाईंचा मासळीवर भारी जीव. त्यांनीच रांधली, सगळ्यांना वाढली, मला आग्रह करून दुसरा तुकडा घातला. स्वतः लोणच्याशी भाकरी खाल्ली. माझ्या त्या शब्दानंतर त्यांनी मासळी तोंडात घातलेली नाही.

मी दुसरा तुकडाही खाल्ला.