जुन्या बाजारातली स्पीकरची जोडी

रविवारी जुन्या बाजारात मला लाकडी पेटीतल्या स्पीकरची जोडी दिसली. एवढी धुडं हल्ली कुणालाच नको असतात, म्हणून भंगारवाला ती फुकटच्या भावात देत होता. मी हात पुढे करणार, तेवढ्यात सत्तरीच्या एक बाई मध्ये आल्या.

"आधी वाजवून दाखवा."

त्याने अँप्लिफायरला तारा जोडल्या. तबला असा घुमला, की शेजारचा चपलावालाही वळून बघू लागला. बाईंनी पेटीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटून घेतले. इतक्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून मुलाचा चढा आवाज मलाही ऐकू आला. "आई, सकाळी म्हणालीस ती स्पीकरची अडगळ आणू नकोस. जागा कुठंय घरात?"

"तुझ्या व्यायामाच्या सायकलवर टॉवेल वाळतात. ती हलव," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी हळूच म्हटलं, "जागा नसेल तर मी घेतो."

"अहो, जागा आहे. आजवर ती मी सोडून सगळ्यांना मिळाली."

यावर मी मागे हटलो. ती जोडी हातची गेल्याचं मला वाईटही वाटेना.

दोन्ही पेट्या रिक्षात बसवल्यावर बाईंना जागा उरली नाही. "एक उद्या न्या," रिक्षावाला म्हणाला. बाईंनी त्याला सदाशिव पेठेतला पत्ता सांगितला आणि मी स्कूटर चालू करत होतो, तर सरळ माझ्या मागे बसल्या.

मुलगा दारातच हाताची घडी घालून उभा होता.

"बरं झालं बाहेर आलास," बाई म्हणाल्या. "एक बाजू धर."

हाताची घडी सोडून त्याने धरली.