सात कार्डांवरची लाल खूण

उंदरांच्या खोलीत त्यांनी एकवीस वर्षं काढली. प्रयोगशाळेत सगळे त्यांना पिंजरेवाले काका म्हणत, आणि त्या नावाचा त्यांना कोण अभिमान! आंधळी, गुलाबी पिल्लं ते श्वास रोखून मोजत. आठ-दहा निघाली तर ठीक. चार-पाचच निघाली, की मादीच्या कार्डावर लाल पेन्सिलीची खूण. तीन खुणा झाल्या की मादी बाद, आणि नर दुसऱ्या मादीच्या पिंजऱ्यात. असं कुणी शिकवलं नव्हतं. काकांची आपली रीत होती.

त्या सकाळी संशोधक बाईंनी बाद माद्यांची कार्डं टेबलावर पसरली.

"काका, या सातही जणींचा नवरा एकच की हो!"

"असेल. पण गडी धडधाकट आहे, बाई. खातो-पितो, अंगावर तकाकी आहे."

"तेच तर! मी त्याचं रक्त तपासलं. त्याच्या दोन रंगसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालीय. त्याच्याजवळ सगळं आहे, फक्त जागा चुकलीय. पण पिल्लांत वाटणी होताना कुणाला एखादा तुकडा जास्त जातो, कुणाला कमी. अशी जवळजवळ निम्मी पोटातच विरतात. जगलेल्यांतलीही निम्मी बापाचीच अदलाबदल घेऊन येतात, वरून अगदी ठणठणीत. माद्यांचा काही दोष नव्हता."

काका हसायला गेले, पण हसू ओठांवरच वाळलं.

"माणसांतही असतं का हो असं?"

"असतं ना. बाईत असतं, पुरुषातही असतं. म्हणून तर गर्भ वारंवार पडला, की नवरा-बायको दोघांचंही रक्त तपासतात."

काकांच्या सुनेचा गर्भ तीनदा पडला होता. गेल्याच महिन्यात जेवताना, मुलाच्या आणि आपल्या बायकोच्या देखत, काका बोलून गेले होते, "खोट कुठे असते ते मला विचारा. एकवीस वर्षं हेच बघतोय!" सून उठून गेली नव्हती. तिने पाण्याचा जग तेवढा जरा लांब सरकवला होता.

दुपारीच ते घरी आले. सून खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. काकांच्या खिशात ती लाल पेन्सिल टोचत होती.

"पोरी, त्या दिवशी मी बोललो ते चूक होतं. तपासणी तुझ्या नवऱ्याचीही व्हायला हवी. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही बघ."

तिने हातातली घडी पुरी केली.

"बाबा, ते चौघांत बोललात. मग हे मला एकटीलाच का सांगताय?"

 काका जेवणाच्या टेबलाशी गेले, चारही खुर्च्या सरळ केल्या, आणि एकीवर दाराकडे तोंड करून मुलाची नि बायकोची वाट बघत बसले.